अत्तार सरांचा चौदावा धडा

वाळ्याचं अत्तर आणि स्पिरिट. हे दोन गंध एकाच मनगटावर नांदू शकतात, हे मला डॉक्टर मुश्ताक अत्तार यांनी आमचं दार वाजवलं त्या दुपारी समजलं. एक गंध माठाच्या गळ्याशी रेंगाळणारा, थंड, हिरवट. दुसरा नाकाला टोचून लगेच उडून जाणारा. आजही दंडावर ओला कापूस फिरला की मी नकळत त्याच्यामागचा वाळा शोधते. तो नसतो. मग लक्षात येतं, की सर या खोलीत नाहीत.

"बाई, मी समोरच्या घरातला," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "तुमचा आवाज पाहिजे होता."

विरजण मागावं तसं ते आवाज मागत होते. मला हसू आलं. त्यांनी घाईघाईनं खुलासा केला.

"परवा तुम्ही गॅलरीतून वीज कंपनीला फोन लावला होता. ग्राहक क्रमांक असा सांगितला, असा सांगितला, की माझ्या घरात बसून मला पाठ झाला. म्हणून दाखवू?"

त्यांनी खरंच म्हणून दाखवला. एक आकडा चुकला नाही.

देगलूरच्या बाजारात त्यांच्या घरच्यांचं अत्तर, सुरमा आणि बांगड्यांचं जुनं दुकान. त्या घरातले डॉक्टर झालेले हे पहिले. शिक्षण नांदेडला, नोकरी लातूरच्या एका अतिदक्षता विभागात, आणि बिऱ्हाड आमच्या समोरच्या दोन खोल्यांत. आमची इमारत तीन बाजूंनी शिकवणी वर्गांनी वेढलेली होती. चौकाचौकात गुणवंतांचे चेहरे फलकांवर ओळीनं हसत. सकाळी साडेपाचला शेकडो सायकलींच्या साखळ्या करकरत असत, आणि दुपारी मेसमधल्या वरणाची वाफ जिन्यात चढे. या शहरात शिकण्याला बॅच असते, बॅचला फी असते आणि पहिल्या बाकाला वेगळा भाव असतो. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होते. प्रवेशपरीक्षेला मराठी लागत नसल्यामुळे माझ्या तासाला बाकं जास्त आणि मुलं कमी असत. अशा वेळी कुणी आवाज मागायला दारात आलं, तर नाही म्हणणं अवघडच.

त्यांना हवं होतं ते असं. अत्यवस्थ रुग्णाला पहिल्या काही मिनिटांत काय करायचं, याचे मराठीतले धडे. वाचायचे नव्हेत, ऐकायचे. तालुक्याच्या दवाखान्यातल्या सिस्टर, रुग्णवाहिकांचे चालक, नुकतेच पास झालेले डॉक्टर, अशांसाठी. ते इंटरनेटवर ठेवायचे आणि कुणाकडून काही घ्यायचं नाही.

"लिहितो मी. पण बोलायला लागलो की माझे शब्द एकमेकांच्या अंगावर पडतात."

हे अगदी खरं होतं. सर नेहमी एसटी सुटत असल्यासारखे बोलत.

ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी खोली मिळवली होती ती भुजंग सरांच्या रसायनशास्त्राच्या शिकवणी वर्गामागची, मोडकी बाकं ठेवायची. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगलेल्या. त्यांतल्या दोन, त्यांच्या वॉर्डातून बरी होऊन गेलेल्या उमरीच्या एका बाईंनी स्वतः शिवून पाठवल्या होत्या. एकीवर लाल आणि पोपटी चौकटी होत्या. वाचताना माझी नजर कागदावरून उठली की त्या चौकटींवर विसावे. वेळ दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा मुलं मेसमध्ये असत. पंखा बंद ठेवावा लागे. जुन्या सुताचा, खडूच्या भुकटीचा आणि सरांच्या मनगटाचा वास त्या उकाड्यात एकमेकांत मुरत जाई. दुरून स्टीलच्या ताटांचा आवाज आला की सर हात वर करून मला थांबवत. पुन्हा शांतता झाली की हात खाली.

त्यांची एक अट होती. जे पाहिलं नाही ते मी वाचायचं नाही. शीर सापडत नसेल तर हाडात सुई कशी घालावी, या धड्याच्या दिवशी ते बाजारातून वर्तमानपत्रात गुंडाळून बकऱ्याच्या पायाचं हाड घेऊन आले. माझं माहेर आणि सासर दोन्ही लिंगायत. आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा कधी आलं नाही.

"नाकाला पदर लावा, बाई," ते म्हणाले, "पण डोळे उघडे ठेवा. न पाहिलेलं वाचलं की आवाज खोटा पडतो."

सुई हाडाचं वरचं कवच भेदून आत शिरते तेव्हा एक बारीकसा आवाज होतो, वाळलेल्या शेंगेच्या टरफलासारखा. त्यांनी मला तो तीनदा ऐकवला. मग वाचताना त्या वाक्यापाशी माझा आवाज आपोआप हळू झाला. सरांनी डोळे मिटून मान हलवली. एवढी दाद मला कवितेलाही फारशी मिळालेली नाही.

धडा संपला की शेवटचं वाक्य मात्र ते स्वतः बोलत. "चूक सापडली तर कळवा." त्यामागोमाग स्वतःचा फोन नंबर, इतक्या वेगानं की तो लिहून घ्यायला लोकांना धडा पुन्हा ऐकावा लागे. तसा तो पुन्हा ऐकावा, हीच त्यांची युक्ती होती असं मला पुढं वाटू लागलं.

त्यांच्या बोलण्यातले दोन शब्द मात्र कधीच घाईत नसत. "परत सांगा." ज्याला जे सांगितलं, त्यानं ते उलट सांगितल्याशिवाय सर त्याला जाऊ देत नसत. रुग्णालयात तर नाहीच, रस्त्यावरही नाही. खालच्या चहावाल्या गुंडप्पाला तर हे दिवसातून चारदा भोगावं लागे.

"गुंडप्पा, दोन चहा. एक बिनसाखरेचा. परत सांग."

"दोन चहा, एक बिनसाखरेचा."

"तो कुणाला?"

"बाईंना."

"आता जा."

"डॉक्टर, बायकोनं बी एवढं वदवून घेतलं न्हाई कधी."

"म्हणून तर रोज घरी न्यायचं काही ना काही विसरतोस."

यामागं एक शब्द होता. आपल्याकडचा 'हाव'. मोठ्या माणसानं काही सांगितलं की आपण 'हाव' म्हणतो. ऐकू आलं का, समजलं का, याच्याशी त्या होकाराचा काही संबंध नसतो. समोरचा मोठा आहे आणि आपण त्याचा मान राखतो, इतकाच त्याचा आशय. बारश्याच्या घरी तो शोभतो. पण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसापाशी, दोन औषधांतलं कुठलं आधी, हे नीट ऐकू न आलेली नवी सिस्टर जेव्हा मान राखण्यासाठी 'हाव सर' म्हणते, तेव्हा काय होतं ते सरांनी पाहिलं होतं.

"देगलूरला आमच्या दुकानात मराठी, तेलुगू, कानडी, तिन्ही गिऱ्हाइकं यायची," ते सांगत. "तिन्ही भाषांत माणसं न समजता होकार देतात, बाई. अदब चांगली गोष्ट आहे. पण माझ्या वॉर्डात हाव बंद. हाव म्हणणाऱ्याला मी पहिल्यापासून सांगतो."

हा नियम त्यांनी सगळ्यांना लावला. मोठ्या सर्जनांना, औषध दुकानदाराला, घरी आलेल्या मेव्हण्याला. मला मात्र कधीच लावला नाही. मी वयानं त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, त्यातून शिक्षिका. माझ्याशी बोलताना ते उभे असले तर उभेच राहत. मला तो मान सुखावत असे, हे मी लपवत नाही.

हा नियम सगळ्यांत निष्ठेनं पाळणारी होती संघमित्रा कांबळे. जळकोटच्या पलीकडच्या एका लहान दवाखान्यात ती सिस्टर होती. आम्ही दोघांनीही तिला पाहिलं नव्हतं. तिला धडे कुणाच्यातरी मोबाईलवरून मिळाले होते. दर सोमवारी दुपारच्या सुट्टीत तिचा फोन येई.

"सर, धडा नऊ. परत सांगून राहिले. ऐका."

मग ती सगळा धडा श्वास न घेता म्हणून दाखवी. माझे विरामसुद्धा माझेच, माझ्याच जागी. सर फोन आमच्या दोघांमध्ये ठेवून ऐकत आणि मधूनच म्हणत, "शाबास, बेटा." एकदा फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळले.

"धड्यात आहे ते ही पोरगी करते," ते म्हणाले. "धड्यात नाही ते करत नाही. असा विद्यार्थी मिळणं नशीब आहे. आणि मला त्याची भीती पण वाटते."

भुजंग सरांना या सगळ्या व्यवहाराची मनापासून काळजी वाटे. ते वाईट गृहस्थ नव्हते. खोलीचं भाडं त्यांनी कधी मागितलं नाही. पण फुकट शिकवणं त्यांना अंगभर खाज सुटल्यासारखं अस्वस्थ करी.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही लई चुकून राहिलात. फुकट दिलं की लोकांना वाटतं माल खराब हाय. थोडी फी ठेवा, मी बॅच लावून देतो. चौकात फोटो लावू तुमचा, पोरांपेक्षा मोठा."

"भुजंग सर, मी पण फुकटच शिकलो."

"कुठं?"

"गाव न्हाई सांगता येणार. मलाच माहीत न्हाई."

यात चेष्टा नव्हती. अत्यवस्थ रुग्णाचं शास्त्र सर नोकरीला लागल्यावर शिकले, आणि ते त्यांना दूरदेशीच्या अनोळखी डॉक्टरांनी शिकवलं. ते डॉक्टर आपापल्या रुग्णालयातून परतल्यावर, आज काय चुकलं, उद्या काय करावं, हे बोलून आणि लिहून इंटरनेटवर ठेवत. कुणीही घ्यावं. तेव्हा सरांची नोकरी नांदेडला होती; तिथल्या एका नेट कॅफेत बसून ते हे ऐकत. वेग कमी, आवाज तुटक, एक वाक्य येऊन पोहोचेपर्यंत दुसरं विसरायला होई. त्यांतल्या एकाला त्यांनी भीतभीत विचारलं, हे मी माझ्या भाषेत सांगू का. दोन ओळींचं उत्तर आलं. जरूर सांगा, त्याचे पैसे घेऊ नका, आणि आमची चूक सापडली तर कळवा. त्या माणसाचा चेहरा सरांनी कधी पाहिला नाही. बोलताना मात्र ते त्याला 'माझे उस्ताद' म्हणत.

पण सरांच्या त्या नेट कॅफेत जाऊन बसण्याला आणखी एक कारण होतं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, वीज गेल्यामुळे मुद्रण थांबलं होतं तेव्हा.

भूकंप झाला तेव्हा सर नवेकोरे डॉक्टर होते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली, आणि त्या दिवशीच त्यांची तुकडी किल्लारीच्या बाजूला पोहोचली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं पडून गावंच्या गावं ढिगारे झाली होती. एका ढिगाऱ्यात एक बाई कमरेखाली दबलेली होती. वरचं अंग मोकळं, शुद्ध पक्की. पहाटेपासून ती तशीच होती, आणि बोलत होती.

"दिराला रागवत होती," सर म्हणाले. "म्हशीला पाणी कामून न्हाई पाजलं म्हणून. मला म्हणाली, डॉक्टर, आधी चहा सांगा कुणाला तरी, दगड काय, निघंल. आम्ही सगळे हसलो. त्या दिवसात पहिल्यांदा हसलो. मग दहा जणांनी मिळून ती शिळा उचलली. लोक ओरडले आनंदानं. मी तिचा हात धरला होता. चहा आला नव्हता अजून. आणि ती गेली."

काय झालं, ते त्यांना कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. धक्का बसला असेल, असं मोठे डॉक्टर म्हणाले. पुढं कित्येक वर्षांनी, नांदेडच्या त्या नेट कॅफेत, दुसऱ्या कुठल्याशा देशातल्या भूकंपानंतर तिथल्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेली तीन पानं सरांसमोर उघडली. बराच वेळ दबलेल्या मांसात विष साठतं. ओझं उचलताच ते रक्तातून हृदयाकडे धावतं. म्हणून दगड हलवण्याआधी शिरेतून भरपूर सलाईन सुरू करावं. मग दगड.

"आधी सलाईन, मग दगड," सर म्हणाले. "एवढंच. माझ्या पिशवीत सलाईन होतं, बाई. बाटल्या होत्या. ही तीन पानं नव्हती."

वीज आली. त्यांनी पंखा बंद केला आणि आम्ही पुढचा धडा घेतला. त्यानंतर भुजंग सर फीचा विषय काढत, तेव्हा मी परस्पर दुसरं काहीतरी बोलू लागे.

आता त्या चौदाव्या धड्याविषयी.

सरांचं लेखन पुनरुक्तीनं भरलेलं असे. एकच गोष्ट ते तीन-तीनदा लिहीत. माझी जडणघडण कवितेत झाली. एका शब्दात जे आलं त्यासाठी दुसरा खर्चू नये, हे मला शिकवलं गेलं होतं आणि मीही पुढं शिकवत आले. सुरुवातीला मी मुकाट वाचलं. मग त्यांच्या परवानगीनं शिसपेन्सिल हाती घेतली. एखादं 'म्हणजेच' काढ, एखादं 'पुन्हा सांगतो' गाळ. सर म्हणत, "तुम्ही भाषेच्या मालक."

चौदावा धडा होता एकाएकी येणाऱ्या तीव्र ॲलर्जीचा. मधमाश्या डसल्या, एखादं औषध सोसलं नाही, आणि बघता बघता अंगावर गांधी उठल्या, घसा सुजला, रक्तदाब कोसळला. तिथं ॲड्रेनालिन तारतं. सरांनी लिहिलं होतं, "मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. शिरेत नाही." ही दोन वाक्यं धड्यात तीन ठिकाणी होती. माझ्या कानाला ती खडे लागल्यासारखी लागली. मांडीत म्हटलं की शिरेत नाही हे आलंच, असं मला वाटलं. मी दोन ठिकाणची वाक्यं पूर्ण खोडली, आणि तिसऱ्या ठिकाणी 'शिरेत नाही' एवढं गाळलं. धडा सुरेख झाला. नदीसारखा वाहिला.

एरवी सर मुद्रण ऐकून मगच ते प्रसिद्ध करीत. त्या दिवशी नांदेड रस्त्यावर जीप उलटली आणि त्यांना मधूनच जावं लागलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मागं गलका होता.

"बाई, झालं का सगळं? लिहिल्याप्रमाणं?"

"हाव," मी म्हणाले.

"मग ठेवून द्या वर," ते म्हणाले. परत सांगा, असं ते मला म्हणाले नाहीत.

सहा दिवसांनी, दुपारी आम्ही खोलीत असताना, देगलूरहून यल्लप्पा नावाच्या रुग्णवाहिका चालकाचा फोन आला. सरांच्या गावचा, म्हणून मोकळा बोलणारा.

"डॉक्टर, त्या चौदा नंबरमधी मांडीत द्या म्हनलं. पर आपल्याकडं सलाईन लावलेलंच ऱ्हातंय की. त्यातून सोडलं तर लवकर जाईन, न्हाई का? आमच्याकडं समदे तसंच करतेत."

"यल्लप्पा, धड्यात सांगितलंय ना बाबा, शिरेत नाही."

"न्हाई डॉक्टर. तसं काय न्हाई धड्यात. दोनदा ऐकलं."

सरांनी फोन ठेवला आणि धडा लावला. माझा आवाज खोलीत भरला, सावकाश, गोड. तो संपेपर्यंत आम्ही दोघं लाल-पोपटी चौकटींकडे पाहत होतो. मग त्यांनी कागद काढला आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवलं.

आमच्या भागात रुग्ण दवाखान्यात शिरला की आधी सलाईन लागतं. त्याशिवाय त्याला उपचार झाल्यासारखं वाटत नाही. आणि लागलेल्या सलाईनमधूनच पुढची सगळी औषधं सोडायची, ही हाताची सवय. हे सरांना ठाऊक होतं, म्हणून तर ते तीनदा लिहिलेलं. स्नायूत द्यायचं ते ॲड्रेनालिन तसंच शिरेत सोडलं तर हृदय बेभान होतं. बरं करायला दिलेल्या औषधानं माणूस जाऊ शकतो.

इतक्यात सरांनी मोबाईलवरचा संदेश पाहिला. तो तासाभरापूर्वीचा होता. संघमित्रा कांबळेचा. "सर, धडा चौदा आज वापरला. मागून फोन करते."

सरांनी तिला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला.

मला त्यांचं तेव्हाचं वागणं अजून जसंच्या तसं दिसतं. त्यांनी आधी धडा संकेतस्थळावरून काढला. मग माझ्यासमोरचं यंत्र स्वतःकडे ओढलं आणि त्यांच्या त्या पडत्या-धडपडत्या आवाजात बोलायला लागले. धडा चौदामध्ये चूक आहे. चूक माझी आहे. मांडीत द्यायचं. शिरेत नाही. 'शिरेत नाही' हे त्यांनी सात वेळा म्हटलं. ते वर ठेवलं, आणि ज्यांनी ज्यांनी कधी फोन केला होता त्या सगळ्यांना पाठवलं. पण धडे तर मोबाईलच्या दुकानांतून, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलेले. फुकट दिलेली वस्तू परत बोलावता येत नाही, हे त्या क्षणी मला समजलं.

"सर, चूक माझी आहे," मी कसंबसं म्हणाले. "माझं नाव घेऊन सांगा."

"तुमची नाही, बाई." ते कागद घडी करत होते. "सगळ्या जगाला मी परत सांगायला लावतो. तुम्हाला नाही लावलं. लाज वाटली मला. एवढ्या मोठ्या बाई, त्यांना काय विचारायचं. ती अदब झाली, आणि धडा तपासायचा राहिला."

ते जळकोटला निघाले. तिथं जाऊन काय करणार होते, ठाऊक नाही. रुग्ण वाचला असेल तर बघावं, नसेल तर त्या पोरीला एकटं ठेवू नये, एवढंच असावं. मी स्टँडपर्यंत गेले. दर दहा मिनिटांनी मी तिला फोन लावायचा, असं ठरलं.

त्यानंतरही सर आणि मी कितीतरी वर्षं काम केलं. धड्यांची संख्या शंभराच्या पुढं गेली. नव्या डॉक्टरांनी त्यात आपले धडे घातले, जुने सुधारले. मी पेन्सिल पुन्हा धरली नाही असं नाही, पण प्रत्येक रेघ मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवी, आणि ते निःसंकोच म्हणत, "परत सांगा, बाई." तीन वर्षांपूर्वी ते नांदेडला मुलीकडे असताना झोपेत गेले. मला जायला जमलं नाही. त्यामुळे निरोपाचं चित्र म्हणून माझ्याजवळ आहे ते त्या दुपारचंच. लाल डब्याची एसटी, मागून तिसरी खिडकी, मांडीवर काळी पिशवी. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलत होते. ते प्रार्थना म्हणत होते, की तो खोडलेला मजकूर, हे खिडकीच्या अलीकडून मला कळलं नाही. गाडी वळली, आणि खिडकीच्या गजांवर ठेवलेला त्यांचा हात शेवटी दिसेनासा झाला.

मी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसून फोन लावत राहिले. उसाच्या रसाच्या चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते. डिझेलचा धूर, लिंबाची साल, कुणाच्या तरी पिशवीतली कोथिंबीर. चौथ्या की पाचव्या वेळी पलीकडे घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

"कांबळे सिस्टर, मी धडे वाचते ती. अत्तार सरांच्या..."

"बाई," ती एकदम हसून म्हणाली. "तुमचा आवाज म्या कुठंबी वळखीन. लाईट गेल्ती सकाळपासून, मोबाईल उतरला होता. सरला सांगा, धडा चौदा वापरला. पोळ्याखाली गेला होता गडी, मोहळ उठलं. गांधीच गांधी, जीभ जड झालेली, बीपी लागंना. दिलं ॲड्रेनालिन. आता बसलाय उठून. चहा मागून राहिलाय."

चहा हा शब्द ऐकला आणि मी बाकावरून उठून उभी राहिले. चहा मागणाऱ्या माणसांचा भरवसा मला उरला नव्हता.

"सिस्टर, तुम्ही धड्यात सांगितलं तसंच दिलं ना?"

"हाव बाई."

हाव. मी क्षणभर डोळे मिटले. चरक थांबला होता. हा शब्द मी आयुष्यभर म्हणत आले, आणि सहा दिवसांपूर्वी याच शहरात, फोनवर, एका चांगल्या माणसाला मीही तोच दिला होता. माझ्या घशाशी जे आलं ते माझं नव्हतं, पण ते मीच म्हणाले, त्यांच्यासारखं, सावकाश.

"परत सांगा, सिस्टर. सुई कुठं दिली?"

तिला त्याचं काहीच वाटलं नाही. ती तर याचीच वाट पाहत असल्यासारखी, धडा म्हणून दाखवायच्या सोमवारच्या आवाजात, स्वच्छ म्हणाली,

"मांडीत."